कौसामावशींचा हात आणि जनरेटरचं पाणी

मी बोटीचा मिस्त्री होतो असं सांगितलं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडं बघतो, मग पायांकडं बघतो आणि मग हसतो. लग्नात, एसटीत, दवाखान्यात, सगळीकडं हेच. "धाराशिव जिल्ह्यात बोट? कशावर चालती, मुरमावर?" असं एका शहाण्यानं मला वाशीच्या स्टँडवर विचारलं होतं. मी त्याला म्हणालो, बाबा, चहा पी आणि गप बस. प्रत्येकाला कुठं समजावत बसायचं! या अंकाच्या निमित्तानं एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी विचारलं तर त्याच्या हातात अंक ठेवता येईल.

माकणीच्या धरणाचं पाणी मागं लांबवर पसरलंय. पल्याडच्या काठावरच्या माणसाला इकडं यायचं तर सडकेनं मोठा वळसा पडतो. तिकडच्या मासे धरणाऱ्या लोकांनी मिळून एक संस्था काढली आणि कोकणातल्या कुठल्याशा खाडीत चालून चालून दमलेली एक लोखंडी बोट ट्रकवर घालून आणली. दोन डिझेल इंजिनं आणि एक जनरेटर. इंजिनं बोट ढकलायची आणि जनरेटर माशांच्या फ्रीजरला वीज पुरवायचा. सकाळी बोट काठाकाठानं मासे गोळा करत निघायची, वाटेत माणसं घ्यायची, आणि दुपारपर्यंत माकणीच्या बाजूला लागायची. तिथून माणसं जीपनं लोहाऱ्याला आणि मासे टेम्पोनं पुढं.

माझं लोहाऱ्यात छोटं गॅरेज होतं. विहिरीवरची डिझेल इंजिनं हे माझं काम. विहिरींवर वीज आली आणि माझ्या दारात कुत्रंसुद्धा बसेना. तेवढ्यात ही बोट आली. बोट मी तोवर चित्रातच पाहिलेली, पण इंजिन ते इंजिन. पहिल्या दिवशी खाली इंजिनांच्या खोलीत उतरलो, हात लावून बघितला आणि वर तोंड करून विचारलं, "हिला ताप चढतो का?" वरून बोट चालवणारा सुदाम म्हणाला, "लई." तिथंच आमचं जमलं. सुदाम पल्याडच्या गावचा, लहानपणापासून पाण्यावर वाढलेला. बोलायचा कमी, आणि सुकाणू असं धरायचा की जणू झोपलेलं लेकरू उचललंय.

आता धंद्यातली गोष्ट थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या पोटात आग असते. ती आग कामाला लावायची पण अंगाला लागू द्यायची नाही, एवढंच मिस्त्रीचं काम. बोटीत त्यासाठी दोन पाणी असतात. एक आतलं, हिरवं, औषध घातलेलं. ते इंजिनातच फिरत राहतं. दुसरं बाहेरचं, म्हणजे धरणाचं. ते बोटीच्या तळातल्या भोकातून येतं, जाळीतून गाळलं जातं, एक रबरी पंख्याचा पंप ते ओढतो, आणि ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन परत धरणात जातं. दोन्ही पाणी एकमेकांना चिकटून जातात, पण मिसळत नाहीत. गरम दुधाचं पातेलं आपण पाण्याच्या परातीत ठेवतो, तसंच.

बाकी सगळी राखण. जाळी रोज काढून धुवायची. तिच्यात काय काय निघायचं! शेवाळ, खवले, गुटख्याच्या पुड्या, एकदा बाळाचं टोपडं. एकदा फ्रीजर सांभाळणाऱ्या गड्यानं आतल्या हिरव्या पाण्याच्या जागी बोअरचं पाणी ओतून ठेवलं, म्हणे "देवाच्या पाण्याला कशाला औषध?" महिन्याभरात इंजिनाच्या पोटात चुलीवरच्या भगुण्यासारखा पांढरा खार धरला. किराणा दुकानातून लिंबूसत आणून मी तो उतरवला, आणि उतरवताना त्या गड्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

पण खरं काम म्हणजे बाहेर पडणारं पाणी बघत बसणं. धार जाड आहे तोवर सगळं ठीक. धार बारीक झाली की समजायचं, आत कुणीतरी तापलंय. हे काम करताना माणसाचं काय होतं ते कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. दुपारी बोट मध्यावर येते. दोन्ही काठ उन्हात विरघळून गेलेले असतात. इंजिनांचा एकच सूर लागलेला. धार पडतीय, पडतीय, आणि बघता बघता आपण कुठं आहोत हेच कळेनासं होतं. ज्या विहिरीवर मी पोरवयात पहिलं इंजिन बसवलं ती विहीर या पाण्याखाली आहे. त्या इंजिनातून निघणाऱ्या गरम पाण्याखाली शेतमालक आणि आम्ही सगळ्यांनी आंघोळ केली होती, हिवाळ्याच्या सकाळी, आरोळ्या ठोकत. आता तिच्यावर एवढं पाणी, आणि तेच पाणी माझ्या पंपातून वर येऊन ऊन होऊन खाली जातंय. मला कितीदा वाटायचं की खाली ती माणसं अजून आंघोळ करत असतील. मग कुणीतरी विचारायचं, "मिस्त्री, झोपलाव का?" झोप नसायची, पण जागंही म्हणता यायचं नाही.

जनरेटरची धार तर मुद्दाम बघण्यासाठीच वर आणलेली होती. जुन्या मालकानं तिची नळी कठड्यापर्यंत चढवून वाकडी करून बाहेर सोडली होती आणि नळीला पितळी तोटी बसवली होती, अगदी घरच्या नळाला असते तशी. बोट काठाला बांधली की तोटी बंद करायची, म्हणजे नळीतलं पाणी खाली उतरून पंप कोरडा पडत नाही. निघताना उघडायची. तोटीशेजारीच बायकांचं बाकडं होतं.

तर त्या उन्हाळ्यात जनरेटर बंद पडायला लागला. रोज नाही. फक्त लोहाऱ्याच्या बाजाराच्या दिवशी, आणि तोही मध्यावर. तापला की तो आपोआप बंद पडतो, तशी सोय असते. तो बंद पडला की फ्रीजर बंद, आणि चैत्राच्या उन्हात मासा काय वाट बघतो का! माकणीच्या काठाला लागेपर्यंत मासे मऊ पडायचे. व्यापारी बोटानं दाबून बघायचा आणि टोपल्या परत करायचा. रात्रभर जाळी ओढलेल्या बायाबापड्या त्या टोपल्यांकडं बघत उभ्या राहायच्या. ते मला बघवत नसे.

मी जाळी काढली, पंप खोलला, रबरी पंखा नवा घातला, नळ्या फुंकून बघितल्या. काठाला बांधून अख्खी दुपार जनरेटर चालवला. गडी थंडगार! चेअरमन येऊन उभे राहिले. संस्थेचे चेअरमन म्हणजे मोठ्या आवाजाचा, पण मनानं सरळ माणूस. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, मशीनमदी दोष हाय का?" मी छाती पुढं काढून म्हणालो, "मशीन ठणठणीत आहे. माझं नाव पणाला लावतो." चेअरमन म्हणाले, "मग दोष चालवणाऱ्यात हाय."

माझ्या शब्दानं सुदाम अडकला होता. पण मी जे बोललो ते खरंच होतं, ते मागं कसं घेणार? लोकांना कारण मिळालं. सुदाम झोपतो, सुदाम फोनवर असतो, सुदामचं धारेकडं लक्ष नसतं. पुढच्या बाजाराच्या संध्याकाळी बैठक ठरली. बाहेरून दुसरा चालवणारा आणायचा, असं जवळपास नक्कीच झालं होतं. मी सुदामला विचारलं, "आता रं?" तो म्हणाला, "आता काय, पुण्याला. मेव्हणा हाय तिथं वॉचमन. पण आई येत न्हाय म्हणती. ती इथं एकटी आन् म्या तिथं गेटवर." एवढं बोलून तो दोरखंड गुंडाळायला लागला. दोरखंड आधीच गुंडाळलेला होता.

बाजाराच्या दिवशी मी स्वतः बोटीत बसलो. बोट अशी भरलेली की सुदामला समोरचं पाणी बघायलासुद्धा टाचा वर कराव्या लागत होत्या, धार कुठली दिसतीय त्याला! मी बायकांच्या बाकड्यासमोर टोपल्यांच्या आडोशाला जागा धरली. तोटीच्या अगदी जवळ सुदामची आई बसली होती, कौसामावशी. कौसामावशी दर बाजारला यायच्या. म्हणायच्या की पानं आणायची हायत. पण पानं गावातही मिळतात. त्यांना लेकानं चालवलेल्या बोटीत बसायचं असायचं, दुसरं काही नाही. सगळ्यांना सांगायच्या, "नीट बसा गं, सुदाम वळवायला लागलाय."

निघालो. धार जाड होती. माझी नजर धारेवर होती. ऊन वर चढलं, बायकांच्या गप्पा हळूहळू विझल्या, काठ दिसेनासे झाले. पाणी आणि आभाळ एकच. माझं पुन्हा तेच झालं, विहीर, इंजिन, आंघोळ करणारी माणसं. त्या धुक्यातच मला एक हात दिसला. सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांचा. तो सावकाश तोटीवर आला आणि त्यानं तोटी फिरवली. पूर्ण बंद नाही. बारीक केली. आपल्याकडं कुठलीही बाई उघडा नळ दिसला की जाता जाता बारीक करते, अगदी तशी. आणि हात परत मांडीवर गेला. कौसामावशींचं लक्षही नव्हतं. त्या लांब पाण्याकडं बघत होत्या.

मी ताडकन जागा झालो. धार करंगळीएवढी उरली होती. मी उठून, वाकून, तोटी पूर्ण उघडली आणि माघारी येऊन बसलो. छातीत इंजिन चालू झालेलं. सगळा उलगडा झाला होता! जनरेटर बंद पडला की पाणी आपोआप थांबायचं, सगळी माणसं खाली इंजिनांच्या खोलीकडं पळायची, तोटी कोण बघतंय? आणि काठाला लागलं की तोटी बंद करायचा नियमच होता. पुरावा आम्हीच मिटवत होतो. थोड्या वेळानं तो हात पुन्हा आला. मी पुन्हा उठलो. असं माकणी येईपर्यंत चाललं. त्या दिवशी जनरेटर बंद पडला नाही, मासे कडक राहिले, आणि मी घामानं भिजून गेलो.

माणसं उतरून गेल्यावर मी सुदामला सांगितलं. मला वाटलं होतं तो उडी मारेल. तो जाऊन बाकड्यावर आईच्या जागी, तोटीशेजारी बसला.

"मिस्त्री, हे कुणाला सांगू नका," तो म्हणाला.

"अरे येड्या, तुझी सुटका झाली की!"

"माझी झाली. तिची?" तो म्हणाला. "भरल्या धरणात बसून पाणी वाचवणारी म्हातारी. गाव जलमभर हसंल तिला. दुष्काळात टँकरमागं पळून तिनं मला वाढवलंय. म्या लहानपणी एकदा भरली घागर लवंडली, तर मला हात लावला न्हाय तिनं. चिखलातलं पाणी पदरानं टिपून पिळून घेतलं. तिला कुणी हसलेलं मला चालायचं न्हाय. म्या पुण्याला जातो."

मला राग आला. त्याचा आला, गावाचा आला, आणि काय करावं ते सुचत नव्हतं म्हणून जास्तच आला. शेवटी मी पक्कड घेतली आणि तोटी उघडी ठेवून तारेनं आवळून बांधली. परतीला कौसामावशी येऊन बसल्या. त्यांचा हात गेला, तारेला लागला आणि थबकला. "मिस्त्री, ही तार कशापायी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ते असंच... ढिली झाली होती." हात मांडीवर न ठेवता त्यांनी पदराखाली घेतला.

पल्याडच्या काठावर पत्र्याच्या शेडमध्ये बैठक भरली. जाळीवाले, टोपल्यावाल्या बाया, बाजाराहून आलेली माणसं, सगळेच थांबले. सुदाम एका खांबाला टेकून खाली मान घालून उभा. चेअरमन म्हणाले, "मिस्त्री, शेवटचं इचारतो. मशीनमदी दोष हाय का न्हाय?"

मी वाटभर ठरवून आलो होतो. उठलो आणि म्हणालो, "आहे. दोष मशीनमध्ये आहे आणि तो माझा आहे. पंपातला रबरी पंखा मी उलटा बसवला होता."

माझं नाव असं माझ्याच तोंडानं मातीत घालताना किती दुखलं म्हणून सांगू! पोरगा नवा शिकायला आला तरी पंखा उलटा बसवत नाही. चेअरमनचं तोंड उघडंच राहिलं. सुदामनं झटकन मान वर केली.

"खोटं कशाला बोलताव मिस्त्री, ह्या वयात?"

कौसामावशी उठल्या होत्या. पिशवी खाली ठेवून त्या पुढं आल्या.

"तार माझ्यासाठीच बांधली न्हवं तुमी? म्या वाटभर इचार करीत आले. तोटी म्या बारीक करीत होते. दर बाजारला म्याच करीत आसंल. लेकराचा काय बी दोष न्हाय."

मग चेअरमन हळू आवाजात म्हणाले, "आवं मावशी, पाणी धरणातलं, पडतंय बी धरणातच. कमी कुठं हुतंय ते?"

"कळतंय की मला! म्या काय खुळी हाय व्हय?" मावशी म्हणाल्या. त्यांनी उजवा हात पुढं धरला आणि त्याच्याकडं दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं बघितलं. "मला कळतंय. हाताला कळत न्हाय."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं. सुदामचे कान लाल झाले. चेअरमन हसले नाहीत. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "सुदाम चालवंल बोट. उठा आता, अंधार पडाया लागलाय." झालं, एवढ्यावर बैठक संपली. जाताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "पंखा उलटा म्हनं! लाज वाटाय पायजे." पण माझ्या पाठीवर त्यांनी थाप मारली ती चांगली जोराची होती.

सुदामला ज्याची भीती होती ते झालंच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत 'तोटीवाली मावशी' हे नाव गावभर झालं. लोक वाईट नसतात, पण नाव ठेवायला मिळालं तर सोडत नाहीत. पुढच्या बाजारला कौसामावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. सुदाम बोट चालवत होता, पण दर वळणाला त्याची नजर त्या बाकड्यावर जायची आणि रिकामी परत यायची. जनरेटर मस्त चालला होता, मासे कडक येत होते, आणि मला जेवण गोड लागत नव्हतं. अशी कसली दुरुस्ती केली मी, की माणूसच बोटीतून उतरला?

म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. त्या सुपात तूर पाखडत होत्या. मी म्हणालो, "मावशी, बाजारला चला."

"न्हाय बाबा. माझ्या हाताचा भरवसा न्हाय. पुन्यांदा काय केलं तर लेकराची नौकरी जायची."

"तोटी मी कापून काढली. आता नुसती नळी आहे."

"तरी न्हाय. वाहतं पाणी माझ्यानं बघवत न्हाय."

मला ताव आला. मी म्हणालो, "बघायला कोण सांगतंय तुम्हाला? मला तुमचा हातच पाहिजे. सुदामला गर्दीत धार दिसत नाही. मी रोज येऊ शकत नाही, माझे गुडघे गेलेत. धारेखाली हात धरून कुणीतरी बसायला पाहिजे. पाणी बारीक झालं, नाहीतर चटका बसायला लागला, की सुदामला हाक मारायची. हे काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. पाणी बारीक झालेलं तुमच्या हाताइतकं कुणाला कळतं?"

त्यांनी सूप थांबवलं. माझ्याकडं बघितलं, मी थट्टा तर करत नाही ना म्हणून. मी थट्टा करत नव्हतो. मिस्त्री धार हातानंच ओळखतो, ही खरी गोष्ट आहे.

बाजाराच्या दिवशी त्या आल्या. बायकांनी सरकून जागा दिली. एकीनं "या तोटीवाल्या मावशी" म्हणून चिडवलं, तर त्या म्हणाल्या, "गप गं, कामावर आलेय म्या." बोट निघाली. जनरेटर चालू झाला आणि नळीतून धार सुटली. कौसामावशींनी हात पुढं केला आणि धारेखाली धरला. पहिल्यांदा बोटं आपोआप मिटली, नसलेली तोटी शोधत असल्यासारखी. कोमट पाणी मुठीवरून वाहत राहिलं. मूठ तशीच होती, काठ मागं पडला तरी.

मध्यावर आलो. ऊन, पाणी, एकसुरी आवाज, सगळं नेहमीचं. मी बघत होतो, पण त्या दिवशी मला विहीर दिसली नाही आणि आंघोळ करणारी माणसंही दिसली नाहीत. मला फक्त तो हात दिसत होता. बोटं हळूहळू उघडली. आधी करंगळी, मग बाकीची. तळहात आभाळाकडं झाला आणि पाणी त्याच्यावर पडून चहूबाजूंनी उडायला लागलं. मावशींचे डोळे भरून वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "जलमात एवढं पाणी हातावरनं जाऊ दिलं न्हवतं."

गर्दीच्या पलीकडं टाचा वर करून उंचावलेली सुदामची मान दिसली. त्याला धार दिसत नव्हती, आईही दिसत नव्हती. त्यानं भीतभीत हाक मारली, "आई, पाणी हाय का?"

"हाय रं!" कौसामावशी अख्ख्या बोटीला ऐकू जाईल अशा ओरडल्या. "लई हाय! तू चालव!"